नात्यातलं कोणी सिनेमात आहे का?

मंगळवार, ४ तारीख

आज माझ्या चपला हरवल्या.

या वहीचं उद्घाटन याहून भारदस्त वाक्याने करायचं ठरवलं होतं. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने ही वही हातात दिली तेव्हा साहेब म्हणाले होते, "आता अनुभव लिहून काढा." तीस वर्षं विमा कंपनीत लोकांचे दावे तपासले, म्हणजे खरं सांगायचं तर फेटाळले. ते अनुभव लिहिले तर लोक पत्ता शोधत येऊन बदडतील. तेव्हा चपलाच बऱ्या.

जुन्या, चामड्याच्या. डावी करकरते, उजवी फटकारते. त्यात माझा गुडघा अधूनमधून संप करतो, त्यामुळे दोन्हींच्या मध्ये एक विश्रांती. ही नेहमी म्हणते, "तुम्ही कोपऱ्यावर वळलात की मला चहा टाकता येतो." अशा चपला कोण चोरेल? चोराचीच कीव आली. हिला सांगितलं तर ही ढिम्म. "गेल्या असतील. जुन्याच होत्या." आणि कपाटातून माझ्या मापाचे नवे रबरी तळाचे बूट काढून समोर ठेवले. घरात बूट तयार होते याचं मला कौतुक वाटलं. बाई दूरदृष्टीची आहे.

चहा घेताना हिने भिंतीकडे बघत बातमी सांगितली. घरात माझ्याशी पोरीविषयी बोलायचं झालं की ही भिंतीकडे बघते. पोरीने एकटीने सांभाळलेला पहिला सिनेमा पुरा होत आलाय. लागायच्या आधी एकदा लोकांना फुकट दाखवणार आहेत, याच महिन्यात.

"मग? आपल्याला बोलावलंय का?"

"नातेवाईक चालत नाहीत म्हणते."

"सबब आहे. चांगली आहे. मी तीस वर्षं सबबीच ऐकल्यात."

आमची पोरगी सिनेमात काम करते म्हणजे पडद्यावर दिसत नाही. पडद्यावरचा माणूस चालतो, तेव्हा ती एका बंद खोलीत त्याच्या पावलांचा आवाज काढते. दार उघडलं की दाराचा. कप ठेवला की कपाचा. बँकेतली कायमची नोकरी सोडून हे. मी तेव्हा एवढंच म्हटलं होतं की पाय आपटून कोणाचं पोट भरलंय. त्यानंतर आठवड्याने ती शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घेऊन राहायला गेली. त्याला आता वर्ष होऊन गेलं. माझं म्हणणं चूक होतं असं मला अजून कोणी सिद्ध करून दाखवलेलं नाही. दाखवायला कोणी बोलत नाही हा भाग वेगळा.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे घरातल्या तिच्या रिकाम्या खोलीच्या खिडकीची कडी बघून आलो. लागलेली होती. नेहमी लागलेलीच असते.

गुरुवार, ६ तारीख

खालच्या मजल्यावरच्या फुकटरावांकडे गेलो होतो. हे नाव त्यांना इमारतीने दिलंय आणि त्यांनी ते पदवीसारखं स्वीकारलंय. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून या माणसाने सिनेमाचं एकही तिकीट काढलेलं नाही, आणि असा एकही सिनेमा नाही जो त्यांनी आपल्याआधी बघितला नाही.

मी सहज विषय काढला. म्हणजे मला सहज वाटलं. ते म्हणाले, "घाम का आलाय तुम्हाला?"

मग त्यांनी शास्त्र समजावलं. सिनेमा लागायच्या आधी निर्माते तो परक्या लोकांना दाखवतात. लोक कुठे हसतात, कुठे जांभई देतात ते बघतात, आणि मग कात्री चालवतात. सिनेमाचं नाव सांगत नाहीत. पास खुर्च्यांपेक्षा जास्त वाटतात, म्हणून लवकर जाऊन रांग धरायची. रांगेत पाणी कमी प्यायचं, कारण जागा सोडली की गेली. शेवटी एक कार्ड देतात, त्यावर मत लिहायचं. मत चांगलं सविस्तर लिहिलं की पुढच्या वेळी बोलावतात.

"तुम्हाला एकदम सिनेमाचं वेड कसं काय?"

"वेळ जात नाही हो."

"मुलगी काय म्हणते? कंपनीतच ना?"

"कंपनीतच," मी म्हटलं. कुठल्या कंपनीत ते वर्षभरात कोणी विचारलं नाही, म्हणून मीही अजून ठरवलेलं नाही.

वहीत तरी स्पष्ट लिहून ठेवतो. मला पोरीचा सिनेमा बघायचा आहे असं मुळीच नाही. फुकट आहे आणि मी रिकामा आहे. दोन्ही गोष्टी शंभर टक्के खऱ्या. तिच्याकडे पास मागायचा प्रश्नच येत नाही.

शनिवार, ८ तारीख

सराव म्हणून पहिली स्वारी. सपशेल आपटलो.

सिनेमागृहाच्या दारात टेबल, टेबलामागे हातात टॅब घेतलेली एक मुलगी. रांगेत दीड तास उभा राहून तिच्यासमोर पोचलो तर तिने माझ्याकडे नुसतं बघितलं.

"काका, आज आम्हाला अठरा ते तीस वयाचेच हवेत."

"मनाने मी तेवढाच आहे."

"मनाचं वय भरायला यात जागा नाही, काका."

तोंडात मारल्यासारखं झालं, कारण वाक्य माझं होतं. "तुमच्या दुःखाला या अर्जात रकाना नाही," असं मी एका गृहस्थांना म्हणालो होतो, तेही याच गोड आवाजात. त्या गृहस्थांनी काय केलं असेल? मी केलं तेच. कोपऱ्यावर जाऊन उसाचा रस प्यायलो आणि घरी येऊन "बरी होती रांग" असं सांगितलं.

शनिवार, १५ तारीख

जमलं! आज सर्व वयाचे हवे होते. फुकटराव आणि मी सर्वांत पुढे.

टॅबवालीने वय विचारलं, धंदा विचारला, आणि मग म्हणाली, "नात्यातलं कोणी सिनेमात काम करतं का?"

"नाही," मी म्हटलं. कसं सफाईदार आलं! वर्षभराचा रियाज.

आत गेल्यावर फुकटरावांना विचारलं, हा प्रश्न कशाला? तर म्हणाले, "घरच्यांचं मत काय कामाचं? ते एक तर ओवाळतात नाहीतर जळतात. घरचा माणूस सापडला की सरळ बाहेर. कडक नियम आहे."

म्हणजे ती सबब नव्हती. मी हे हिला सांगणार नाही. सांगितलं तर ही काही म्हणणार नाही, नुसती भिंतीकडे बघेल, आणि ते मला सहन होत नाही.

सिनेमा भुतांचा होता. पहिल्या रांगेत बसल्यामुळे भूत मला नाकपुड्यांपासून वरच दिसलं. मान धरली. पण माझा सगळा जीव शेवटात होता. सिनेमा संपला की काम करणाऱ्यांची नावं येतात, ती मुंगीएवढ्या अक्षरांत असतात, वाचायला चष्मा कुठला लागेल ते बघून ठेवायचं होतं. दोन्ही चष्मे नेले होते. तर सिनेमा संपला, पडदा काळा झाला, आणि भसकन दिवे लागले. मी आपला बसलोय एक चष्मा नाकावर, एक हातात. झाडूवाल्या बाई म्हणाल्या, "पाय वर घ्या."

या खेळांत नावं लावलेलीच नसतात. ती नंतर लावतात. फुकटरावांनी हे सांगायचं राहून गेलं, कारण नावं कोण वाचतं असं त्यांना वाटतं.

घरी येताना विचार केला. नाव दिसणार नसेल तर जायचं कशाला? पुष्कळ विचार केला. मग आठवलं की मी फुकट आहे म्हणून जातोय. तेव्हा काही अडचण नाही.

मंगळवार, १८ तारीख

मला बहुतेक विसरभोळेपणा लागलाय. आधी चपला. आज कोठीच्या खोलीचा किल्ल्यांचा जुडगा सापडेना, तो खुळखुळणारा. परवा तो करकरणारा स्टूल शोधला तर तोही नाही. हिला विचारलं तर म्हणते, "तुम्हीच कुठेतरी ठेवला असेल." स्टूल? मी स्टूल कुठे ठेवून विसरेन? खिशात?

घाबरून जुन्या दाव्यांचे आकडे आठवून बघितले. सगळे पाठ. म्हणजे मेंदू ठीक आहे, फक्त संसाराचा कप्पा गळतोय.

ही आज पुन्हा दुपारभर बहिणीकडे. हल्ली दर मंगळवारी जाते, मोठी पिशवी घेऊन. परत आली तेव्हा तिच्या सँडलमधून मूठभर वाळू निघाली. मेव्हणीच्या घरात चकचकीत फरशी आहे. शेजारी बांधकाम निघालं असणार. मेव्हण्याला फोन करून धुळीची काळजी घ्यायला सांगितलं. तो म्हणाला, "कसली धूळ?" बिचाऱ्याच्या आता सवयीचं झालंय.

या बुटांचं एक वाईट आहे. मी खोलीत आलो की ही दचकते. "अहो, खाकरत तरी जा," म्हणाली.

शुक्रवार, २१ तारीख

पास आला. उद्या संध्याकाळी, दोघांसाठी. वर लिहिलंय : कौटुंबिक चित्रपट, सर्व वयोगट. फुकटरावांनी कुठून कुठून काढलेली आतली बातमी अशी की एक बाप आहे, एक घर आहे आणि मारामारी अजिबात नाही. हिला सांगितल्यावर ही इतकंच म्हणाली, "तोच." तिला कसं माहीत विचारायचं राहिलं.

रात्रीच्या जेवणाआधी हिने माझी तालीम घेतली. ओट्याशी उभी राहून, हातात झारा.

"नात्यातलं कोणी सिनेमात काम करतं का?"

"नाही."

"पटकन म्हणा. तुम्ही आवंढा गिळलात."

"नाही."

"आता रागावलात."

"अगं, नाही म्हणजे नाही! वर्षभर म्हणतोय, तेव्हा कधी कोणाला शंका आली नाही!"

हिने झारा खाली ठेवला. मग म्हणाली, "हो. ते मात्र खरं."

रविवार, २३ तारीख, सकाळ

काल लिहायला हात चालला नाही. आता जसं घडलं तसं लिहितो, स्वतःची अब्रू न राखता. तशी ती राहिलेलीही नाही.

दुपारीच जाऊन रांग धरली. फुकटराव पुढे. त्यांचाही पास दोघांचा होता, पण जोडीदार आला नव्हता. ही माझ्या मागे, नवी पर्स घट्ट धरून. रांग पुढे सरकली. टॅबवाली तीच. मला ओळखून हसली सुद्धा.

"वय... धंदा, निवृत्त... नात्यातलं कोणी सिनेमात काम करतं का?"

मी तोंड उघडलं. 'नाही' तयार होतं. वर्षभर घासून पुसून ठेवलेलं, आदल्या दिवशी तालीम झालेलं. आणि त्या दारामागे, आत, पोरीचं काम लोकांना पहिल्यांदा ऐकू येणार होतं. मी म्हणालो, "मुलगी."

"काय?"

"माझी मुलगी. पावलांचे आवाज काढते. दारांचे सुद्धा. आज जो दाखवताय ना, त्यात सगळे तिचेच आहेत. बँकेतली नोकरी सोडली तिने यासाठी, कायमची नोकरी!"

आवाज जरा मोठा लागला असावा. फुकटराव मागे वळून माझ्याकडे असे बघत होते की जणू मी रांगेत कपडे काढले. सांगून टाकल्यावर मला जे वाटलं त्याला आनंद म्हणतात. पुष्कळ दिवसांनी झाला म्हणून ओळखायला वेळ लागला.

"काका, मग तुम्हाला आत नाही जाता येणार," टॅबवाली म्हणाली. तिला खरंच वाईट वाटत होतं. "आणि या काकू तुमच्याबरोबर?"

मी हिच्याकडे बघितलं. हिने मला नखशिखांत न्याहाळलं.

"छे," ही म्हणाली. "मी यांना ओळखत नाही." आणि फुकटरावांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "मी यांच्या पासवर आहे. नाही, नात्यातलं कोणी नाही."

इतक्या वर्षांच्या संसारात बाईने पापणी न लववता खोटं बोलताना मी पहिल्यांदा बघितलं. किंवा पहिल्यांदा पकडलं.

दोघं आत गेली. दार लागलं. मी हात दाखवून अवलक्षण करून बाहेर उभा. घरी जाववेना. शेवटी बाजूच्या बोळात गेलो, तिथे बाहेर पडायचं दार असतं. दारावरचा माणूस स्टुलावर बसला होता. त्याने आत शिरायचा प्रयत्न समजून हात आडवा घातला.

"आत नाही जायचं. मला माहीत आहे. नुसता बसतो."

"बसा. पण पाठ करून बसा. या दाराची बिजागरी ढिली आहे, फट राहते. बघायचं नाही."

"आणि ऐकलं तर?"

त्याने विचार केला. "कान थोडेच झाकता येतात," म्हणाला आणि स्वतःचा स्टूल मला दिला.

तर मी पोरीचा सिनेमा असा बघितला : बोळाच्या भिंतीकडे तोंड करून. समोर फक्त पांढरा रंग आणि पाण्याचा एक डाग. आधी बरीच बोलाचाली, त्यातलं काही धड कळेना. मग सगळं गप्प झालं आणि कुठेतरी किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला. मी मान वर केली. मग स्टूल करकरला. मी दारावरच्या माणसाला म्हटलं, "हा आमचा स्टूल आहे." तो म्हणाला, "नाही, माझा आहे, तुम्ही बसलात तो."

आणि मग माझ्या चपला आल्या.

डावी करकरली, उजवी फटकारली, मध्ये गुडघ्याची विश्रांती. मी इथे बसलोय आणि आत मी चालतोय. पावलं वाळूतून आली, फरशीवर चढली, हळू झाली. एका जागी थांबली. कितीतरी वेळ काही नाही. सिनेमागृहात कोणी खोकलं सुद्धा नाही. मग एकच करकर, पाय वळवल्याची, आणि चपला आल्या तशा परत गेल्या.

ते थांबणं मला माहीत होतं. ती घर सोडून जाण्याआधीचा तो आठवडा, रोज संध्याकाळी. मी तिच्या बंद दारापर्यंत जायचो. काहीतरी बोलायचं ठरवून जायचो. बोललो नाही की स्वतःला सांगायचो, खिडकीची कडी बघायला आलो होतो. मला वाटत होतं हे कोणालाच कळलं नाही. त्या भिंतीकडे बघत मी रडलो. दारावरचा माणूस म्हणाला, "अहो, अजून तर अर्धाच झालाय."

दिवे लागले. माणसं बाहेर पडायला लागली. ही आली, डोळे लाल, पर्स उघडीच. आणि हिच्या मागे पोरगी. बाजूच्या भिंतीला टेकून लोकांचे चेहरे बघत उभी होती म्हणे. केस बारीक कापलेत. वाळली आहे.

"बाबा? तुम्ही इथे बाहेर का?"

"आत घेतलं नाही."

"खरं बोलले," ही म्हणाली. या वेळी भिंतीकडे नाही, सरळ माझ्याकडे बघून.

मला पोरीला पुष्कळ काही सांगायचं होतं. तोंडातून निघालं ते असं : "चपला माझ्या होत्या."

"हो."

"विचारून न्यायच्या."

"विचारलं असतं तर दिल्या असत्या?"

"नसत्या."

ती हसली. मग मी कसाबसा म्हणालो, "तो बाप... दारापाशी येऊन थांबतो. मग आत का जात नाही?"

"मला काय माहीत, बाबा," ती म्हणाली. "मी आतल्या बाजूला होते."

तीस वर्षं लोकांना निरुत्तर केलं त्याची परतफेड एका वाक्यात झाली. मी म्हटलं, "कडी बघायला यायचो." ती म्हणाली, "लागलेली असायची." आणि तिने माझा दंड धरला, गुडघ्यावर भार येऊ नये म्हणून ज्या बाजूने धरतात त्याच बाजूने. आम्ही तिघं बोळातून बाहेर आलो. फुकटराव टेबलापाशी कार्ड भरत होते. 'काय आवडलं' या जागेत त्यांनी लिहिलं होतं : 'पंखे व्यवस्थित होते.'

शनिवार, ६ तारीख

आज फुकटरावांबरोबर पुन्हा गेलो होतो. इमारतीत त्यांच्याइतकंच माझंही नाव झालंय, कारण पोरगी काय करते ते त्यांनी सगळ्या मजल्यांवर सांगितलंय. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी मला थांबवून कढईवर झारा वाजवून दाखवला, घेता का म्हणून.

टॅबवालीने मला लांबूनच बघितलं. "काका, तुम्हाला आता कुठल्याच खेळाला प्रवेश नाही. माहीत आहे ना?"

"माहीत आहे. पण विचारा तरी."

"कशाला?"

"विचारा हो. नियम आहे ना?"

तिने निःश्वास टाकला. "नात्यातलं कोणी सिनेमात काम करतं का?"

"मुलगी," मी म्हटलं. मागच्या बाई म्हणाल्या, अय्या, काय करते? मग मी त्यांना रांगेतून बाजूला घेऊन सांगत बसलो. त्यात त्यांचा नंबर गेला. जरा चिडल्या.

नापास होऊन वेळेत घरी आलो तर चहा तयार नाही. ही म्हणाली, "या बुटांनी तुम्ही आल्याचं कळतच नाही. चपला मागून घ्या ना तिच्याकडून." मी म्हटलं, राहू देत. तिच्या कामाच्या आहेत, आणि तिच्याइतकं नीट मला त्या घालून चालताही येत नाही.

उद्या तिच्या खोलीवर जेवायला बोलावलंय. पहिल्यांदाच जातोय. रबरी बूट घालूनच जाणार, त्यामुळे तिला आतून काही ऐकू येणार नाही. दारापाशी उभं राहून चालायचं नाही. बेल वाजवावी लागेल.